रेकॉर्ड रूममधली थप्पी

मी पारूबाई. कोपरखैरण्याला माथाडीच्या चाळीत राहते. मी बोलते तसं सुनंदाताई लिहून घ्यायला लागल्यात. सीवूड्सला त्यांच्याकडं मी भाकरी-पोळीला जाते. त्यांना सांगितलंय, माझं बोलणं धुवून इस्त्री करायचं न्हाई, हाय तसं राहू द्या.

मी असलं कधी मानलं न्हाई बघा. माझ्या अंगात कधी आलं न्हाई, रस्त्यात लिंबू पडलेलं बघून मी वाट बदलली न्हाई. चाळीत एकीच्या अंगात यायचं, समद्या बाया पाया पडायच्या, मी आपली कांदा चिरत बसायची. तरीबी हे झालं. भर दुपारी, पोलीस ठाण्याच्या आवारात, दोन माणसांच्या डोळ्यादेखत. ठाणं कुठलं ते सांगत न्हाई. उरणकडच्या बाजूचं, एवढं बास.

आमचे मालक कांदा-बटाटा मार्केटात हमाल. साताऱ्याकडनं आले तवापासनं पाठीवर गोणीच. मीबी तिथंच कांदा निवडायला जायची. काम सुटल्यावर माणूस घरात बसंना. जासईला एका कंटेनर यार्डात वॉचमनची जागा हाय असं कुणीतरी सांगितलं. सकाळी डबा घेऊन इचारायला गेले... आन आलेच न्हाईत.

आमच्या हितल्या ठाण्यात मिसिंग लिहिली. लिहून घेणारा म्हणतो, म्हातारा भांडून गेला का? न्हाई म्हटलं. मग मालकांचा फोटो घेतला, टेबलावर टाकला, आन त्याच्या तोंडावर च्याचा कप ठिवला. माझ्यासमोर. कपाचा गोल डाग उठला फोटोवर. मी पदरानं पुसून घेतला. पण तवापासनं जी शिसारी बसली ती अजून गेली न्हाई.

मग गावाकडनं दीर आला. चार घास खाऊन, ढेकर देऊन म्हणाला, "वैनी, दादानं जासईला दुसरं बिऱ्हाड केलंय. उगा पोलिसांत जाऊन आमची शोभा करू नका." झालं. चाळभर तेच. नळावर गेले की बाया गप व्हायच्या. कुंकू लावलं तर म्हणायच्या, नवरा पळालाय आन हिचा थाट बघा. न लावलं तर म्हणतील, जित्या माणसाला मारून बसली. मला दुसरं काय नको व्हतं. माणूस हाय का गेला, तेवढं कळू दे. गेला असंल तर त्याचे दिवस घालीन, रडीन, मोकळी होईन. असं अधांतरी किती दिवस ऱ्हायचं?

जासईला मी स्वतः गेले. यार्डवाले म्हणाले असं कुणी आलंच न्हाई. नाक्यावर एक च्यावाली व्हती, तिनं सांगितलं. पांढऱ्या टोपीवाला एक म्हातारा रस्त्याकडंला सावलीला बसला, तो बसल्या जागीच कलंडला. पोलिसांची गाडी आली आन घेऊन गेली. डबा हातात व्हता म्हणाली.

त्या ठाण्यात गेले. म्हटलं, असा माणूस आणला व्हता का? तिथला हवालदार. गालात गुटखा, बोलताना वर तोंड करून बोलायचा सांडू नये म्हणून. म्हणाला, बेवारस मढी लई येतात मावशी, तुमी कोण त्याच्या? म्हटलं बायको. म्हणाला कशावरनं? म्हटलं कागद दाखवा, फोटो दाखवा, सांगते. तर म्हणतो, कागद नातेवाइकालाच दाखवता येतो. आता बघा! कागद बघितल्याबिगर नातं ठरंना, आन नातं ठरल्याबिगर कागद दिसंना. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या, कुणी थुकू नये म्हणून. देवांच्या तोंडावर लाल पिचकाऱ्या. तिथनंच रोज वर जायचं आन तिथनंच खाली यायचं.

सुनंदाताईंना कळलं तवा त्या म्हणाल्या, "पारूबाई, आता तोंडी काही विचारायचं नाही. मागायचं ते कागदावर, आणि आपल्या कॉपीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही."

माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्यांनी लिहिला. ज्यांना असलं काम पडंल त्यांच्यासाठी सांगते. वर कोर्ट फी स्टँप लावायचा. 'समदी माहिती द्या' असं मोघम लिहायचं न्हाई, मग ते मोघमच उत्तर देतात. नेमकं लिहायचं. अकस्मात मृत्यूची नोंद, मढ्याचा पंचनामा, मढ्याचे फोटो, कुठं जाळलं ते. कुठल्या रस्त्यावर, साधारण कवा. पोलिसांना वेगळा अर्ज, दवाखान्याला वेगळा, पालिकेला वेगळा. महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं त्यांना.

उत्तरं आली की! दवाखाना म्हणाला पोलिसांना इचारा. पालिका म्हणाली आमच्याकडं नावानं नोंद असती, नाव सांगा. पोलिसांनी लिहिलं, तुमी तिऱ्हाईत हाय, माहिती देता येत न्हाई. लग्न करून एवढी वर्सं त्या माणसाची भाकरी थापली, आन मी तिऱ्हाईत. ताईंनी वाचून दाखवलं, मी ऐकलं आन परातीतलं पीठ मळलं. काय करणार?

मग ताईंनी अपील टाकलं. त्यात त्यांनी अजून एक मागितलं, की अर्जदार स्वतः येऊन रेकॉर्ड बघंल. तसं बघता येतं, हे हापिसवाले कधी सांगत न्हाईत. वरच्या साहेबानं मंजूर केलं. दिवस दिला, दुपारचा.

त्या दिवशी मी आन ताई गेलो. रेकॉर्ड रूम म्हंजी ठाण्याच्या मागं पत्र्याची खोली, पुढं शटर. तोच गुटखेवाला हवालदार. शटर वर केलं तर नुसता कुबट वास. मेलेल्या उंदराचा, ओल्या कागदाचा. मागं कधीतरी पाणी शिरलं व्हतं म्हणे, तवा समद्या फायली सिमेंटच्या, खताच्या गोण्यांत कोंबून ठिवलेल्या. आन गोण्या फेकलेल्या एकावर एक, छतापर्यंत ढीग. फुटलेल्या, तोंडं उघडी, कागद बाहेर लोंबत्यात. कुणाकुणाची मरणं व्हती ती. कचराकुंडीतबी माणूस बरं टाकतं.

हवालदारानं हात कमरेवर ठिवले. त्या सालच्या फायली तळाला असतील म्हणाला. एकेक गोणी भिजून दगड झालीय. ताई म्हणाल्या, मग काढा. त्यावर तो हसला.

"हे उपसायला हमाल लागतील मावशी. आणा जा तुमच्या मार्केटातनं."

मी म्हटलं, "हमालालाच न्यायला आलेय बाबा. तुमच्याच गोणीत हाय त्यो."

तो हसायचा थांबला. बाजूला जाऊन थुकला, शटर खाली ओढलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात. जेवून येतो म्हणाला, तुमाला बसायचं तर बसा.

बसलो. शटरच्या समोरच बाकडं व्हतं, हाताच्या अंतरावर. खोलीला दुसरं दार न्हाई, खिडकी न्हाई, हे ताईंनी नंतर मागनं फिरून बघितलंय. आमी डबा उघडला. दोन घास खाल्ले असतील, आतनं आवाज आला. धप्प. ताई म्हणाल्या, ढीग घसरला वाटतं. परत धप्प. मग मधी थोडं थांबून आणखी एक, आन मग येतच ऱ्हायले.

ढीग घसरला तर असा आवाज येत न्हाई. मी मार्केटात आयुष्य काढलंय. पाठीवरची गोणी जागेवर बसते तवा असा आवाज येतो. आन प्रत्येक आवाजाच्या नंतर एक बारीक... म्हंजी माणूस वझं टाकल्यावर श्वास सोडतो ना, तसं. ताईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "आत कोणी आहे का हो पारूबाई?" मी घास चावत ऱ्हायले. थोड्या वेळानं आवाज बंद झाला.

हवालदार आला, दात कोरून, गालात नवा गुटखा भरून. ताईंनी सांगितलं आत आवाज येतोय. उंदीर हायत मॅडम, मांजराएवढे, म्हणाला. कुलूप काढलं, शटर वर केलं.

ढीग नव्हता.

भिंतीला लागून थप्पी लावलेली. एक थर आडवा, एक उभा, गोण्यांची तोंडं आत भिंतीकडं, म्हंजी माल सांडत न्हाई. वरच्या प्रत्येक गोणीत मुठीनं ठोकल्याचा खळगा, गोणी बसावी म्हणून ठोकतात तसा. असली थप्पी पोलीस लावत न्हाई आन उंदीरबी लावत न्हाई. आन दाराशी एकच गोणी उभी, तोंड बाहेरच्या बाजूनं नीट दुमडलेलं. गिऱ्हाइकाला माल दाखवायला मार्केटात असंच दुमडून ठेवतात.

मी आत गेले. थप्पीतल्या वरच्या गोणीला हात लावला. ओली व्हती. बाकी खोलीत धूळ कोरडी ठाक, आन ती गोणी मधोमध ओली, कोमट. वाहताना हमालाची पाठ टेकते तिथं.

हवालदाराचं तोंड उघडंच. गुटखा शर्टावर ओघळला तरी पुसंना. दुमडलेल्या गोणीत वरतीच फाईल व्हती. ताईंनी उघडली, फोटो बघितला, आन माझ्यापुढं धरला. मालक व्हते. डोळे मिटलेले, टोपी सरळ. कुणीतरी टोपी सरळ केली व्हती, बहुतेक त्या च्यावालीनं. मी म्हटलं, हो, हेच.

पुढचं ऐका, खरी ओकारी पुढं हाय. ठाण्याचा साहेब आला. हवालदारानं आधी आमच्यावर आळ घेतला, बायकांनी कुलूप उघडलं म्हणून. ताईंनी इचारलं, ही मी, ही पारूबाई, या गोण्या आम्ही उचलल्या? साहेबानं दोघींकडं बघितलं, थप्पीकडं बघितलं. मग मोबाइल काढला, हवालदाराला थप्पीपुढं उभा केला, फोटो काढला आन वर पाठवला व्हॉट्सॲपवर. ठाण्यानं रेकॉर्ड रूमची साफसफाई केली म्हणून. नंतर कळलं, हवालदाराचं कौतुक झालं. भीती त्याला जेवढा येळ वाटली तेवढीच, मग छाती काढून उभा ऱ्हायला.

झेरॉक्स मिळाल्या, शिक्क्यासकट. त्या दाखवल्यावर पालिकेतबी नोंद सापडली, बेवारस म्हणून जाळलेली. तिथं नाव चढवून घेतलं. राख कधीच गेलेली. गावाकडं जाऊन दिवस घातले. दिरानं मुंडण केलं, आन बाराव्याला दोनदा लाडू मागून घेतला. दुसऱ्या बिऱ्हाडाचं इचारलं तर म्हणाला, लोक बोलायचे वैनी. मी वाढत गेले.

ताई शिकलेल्या हायत. त्या म्हणतात, आधीच कुणी शिपायानं लावून ठेवली असंल, आपण शटर उघडलं तवा नीट बघितलं न्हाई. मी म्हणते, असंल. पण ढीग त्यांनीबी बघितला व्हता, आन आवाज आला तवा दंड माझाच धरला व्हता. दुसरं काय उत्तर कुणाकडं असलं तर सांगा.

मला भ्या वाटलं न्हाई, त्या दिवशीबी न्हाई आन आताबी न्हाई. किळस वाटते. जन्मभर त्या माणसानं दुसऱ्याचं वझं वाहिलं. आन मेल्यावर बायकोला आपलं तोंड दाखवायला सरकारच्या गोण्या त्यालाच उचलाव्या लागल्या, भर उन्हात, बंद पत्र्याखाली. बाहेर पगारी माणूस जेवायला गेला व्हता.