पहिलीच्या वर्गातली दुभाषी

त्या आश्रमशाळेचा वास अजून माझ्या नाकाशी आहे : मुले रात्री ज्यांवर निजत त्या सतरंज्यांचा, खोबरेल तेलाचा, नीट न वाळलेल्या गणवेशांचा. सकाळी सतरंज्या गुंडाळल्या की त्याच खोलीत वर्ग भरे. गडचिरोलीहून बसने चार तास आत, जंगलात. पहिली ते दहावी एकाच आवारात, आणि शिक्षण, जेवण, निवारा सारेच विनामूल्य. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तेथे पहिलीवर रुजू झाले. कवितेत मुरलेली मराठी मी सोबत घेऊन गेले होते, आणि समोरच्या मुलांना मराठीचा एक शब्द येत नव्हता.

पहिल्याच आठवड्यात एक चिमुरडी दुपारभर "येर, येर" म्हणत रडली. मी नुसती थोपटत राहिले. दारावरून जाणारी नववीतली मुलगी थबकली.

"पानी मांगून राह्यली थे, बाई."

गोंडी ही तिच्या घरची भाषा; मराठी तिने याच शाळेत कमावली होती. तिला नर्स व्हायचे होते, आणि त्यासाठी आधी दहावी पास होणे भाग होते. हे तिने मला त्याच दिवशी सांगितले, चिमुरडीला पाणी पाजता पाजता.

मी तिला रोज बोलावू लागले. मधल्या सुट्टीनंतर मी एक ओळ म्हणे, ती ओळ ती गोंडीत उलगडे. माझ्या ओठांवर कोरडे वाटणारे शब्द तिच्या आवाजात ओलसर, गोल होऊन मुलांपर्यंत पोचत. तोवर मख्ख बसलेले चेहरे हलत, हसत. मला त्या हसण्याची सवय लागली. तो तास तिच्या वर्गाच्या गणिताचा होता, हे मला ठाऊक होते.

"बाई, आमची पोरगी वापस कधी करता?" गणिताचे गुरुजी व्हरांड्यातून ओरडत. "नाई तं तिच्या पेपरले तुम्हीच बसा!"

"बसते की!" मी हसून म्हणे. "दहाच मिनिटं, भाऊ."

ती दहा मिनिटे दोन वर्षे चालली. ती दहावीत गेली तरी मी तिला सोडले नाही. "बाई, गनित समजून नाई राह्यलं," ती एकदा दारातच म्हणाली, आणि मी तिच्या हाती पुढची ओळ दिली. माझी मुले वाचू लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा ती मागे उभी राहून एका पोराचे नाक पुसत होती.

जूनमध्ये निकाल आला. ती इतर सर्व विषयांत पास होती, गणितात नापास.

ती आपली कपड्यांची पेटी न्यायला आली, तेव्हा नव्या वर्षाची लहानगी मुले ओसरीत रडत बसली होती. वडील फाटकापाशी सायकल धरून उभे होते. घरी भात रोवायला हात हवे होते. तिला पुन्हा परीक्षेला बसवण्याचा विषय त्यांनी मला काढू दिला नाही. ती पेटीची कडी लावत होती. कडी बसत नव्हती.

मला काही तरी बोलायचे होते, आणि जे बोलायला हवे होते ते सोडून मी विचारले, "गणित समजत नव्हतं, तर मला एकदा तरी सांगायचं नाही का गं?"

कडी बसली. तिने मान वर केली. रागावलेली नव्हती ती. पहिलीतल्या मुलांना समजावताना जितक्या सावकाश बोलायची, तितक्याच सावकाश म्हणाली,

"सांगतलं."