पहिलं नाव

रविवारी सकाळी फिरायला निघालो की मी आमच्या कोल्हापुरातल्या मैदानाशी हमखास थांबतो. तिथं पेठेतली पोरं आपसांत फुटबॉल खेळतात. दोघं कप्तान होतात, नाणं उडवतात आणि आळीपाळीनं एकेक गडी आपल्या बाजूला मागून घेतात.

परवा नाणेफेक संग्रामनं जिंकली. पेठेसाठी सगळ्यात जास्त गोल मारतो तो हाच, पेपरात फोटो येतो तोही याचाच. पहिलं नाव हा कुणाचं घेतो, म्हणून मी कान टवकारले.

"दिल्या, ये इकडं."

दिलीप बचावाला खेळतो. त्याच्या नावावर आजवर एकही गोल नाही. गुडघे कायम सोललेले, पुढचा दात पडलेला. पण तो आडवा आला की चेंडू पुढं सरकत नाही, आणि कुणी पाडलंच तर माती न झटकताच उठून पळायला लागतो. न झालेले गोल कुठल्या पेपरात छापून येणार? मला माझी थोरली बहीण आठवली. तिच्यामुळं आमच्या घरात किती भांडणं झालीच नाहीत, हे आज कुणाला सांगता येईल?

न राहवून मी संग्रामला विचारलं, "का रे, पहिला हाच?"

त्यानं मोजा खाली करून नडगीवरचा निळा डाग दाखवला. दिलीप शेजारीच उभा राहून पडलेल्या दाताची फट दाखवत तोंडभर हसत होता.

"काका, गेल्या रविवारी हा समोर होता," संग्राम म्हणाला. "आज मला पण जरा खेळायचंय की."