वाशरचं तोंड

कुरखेड्याच्या चौकात बाबांचं आणि चाचांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा म्हणजे बाबांचे भागीदार, मुसलमान मोहल्ल्यातले, बोलायला महाकंजूष. मागचं चाक उतरवलं की एक्सलवरून निघालेली प्रत्येक वस्तू निघाली त्याच क्रमानं, त्याच बाजूनं तारेत ओवायची, असा त्या दुकानाचा नियम होता.

"वाशरले तोंड असते," बाबा सांगत. "मधला उंचवटा बेअरिंगकडे. तोंड फिरवलं का चाक रुसते."

ऐंशीच्या दशकात मी भामरागडकडे मास्तर होतो. शाळेत मी बाबांची नक्कल करायचो. जेवणाची ताटली वाशर म्हणून हातात धरायची, तिला तोंड दाखवायला विनवायचं, ती रुसली की मीही रुसायचं. पोरं हसून बाकांखाली जायची. प्रेक्षक मिळाला की मला राहवत नाही, अजूनही.

मोहफुलांच्या दिवसांत एके सकाळी एसटीच्या कंडक्टरनं घरची चिठ्ठी आणून दिली. बाबांची तब्येत फार बिघडली आहे, ताबडतोब ये. मी तशीच गाडीला किक मारली.

आलापल्लीच्या अलीकडे, जंगलात, मागचं चाक पंक्चर झालं. चाक काढलं, सगळं नीट तारेत ओवलं, सागाच्या फांदीला तार टांगली, ट्यूबला ठिगळ लावलं. तेवढ्यात मोहफुलांच्या टोपल्या घेतलेले दोन म्हातारे माडिया आदिवासी थांबले. त्यांना मराठी येत नव्हती आणि माझी माडिया जेमतेम. तरी मी तार सोडली, वाशर उचललं आणि ताटलीचा सगळा प्रयोग करून दाखवला. बाप तिकडे अंथरुणावर, आणि मी इकडे वाशराची मनधरणी करत होतो. म्हातारे पोट धरून हसले. वाशर या हातातून त्या हातात फिरलं, मग माझ्याकडे परत आलं.

मी ते उलटं बसवलं.

नट आवळला तर चाक जाम. ब्रेक घासत असेल, असं मी स्वतःला समजावलं, नट थोडा ढिला ठेवला आणि निघालो. पंधरा-वीस मैलांत चाक तिरपं झालं, चेन उतरली. चेन चढवली, नट आवळला, पुन्हा चाक जाम, पुन्हा नट ढिला. किती वेळा, ते मोजलं नाही. घाई इतकी होती की सगळं उघडून बघण्याचं सुचलंच नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. बाबा तिसऱ्या प्रहरीच गेले होते.

आई म्हणाली, "सारखे इचारून राह्यले होते, गाडीचा आवाज आला काय. मी म्हटलं, रस्त्यात पंक्चर झाली असन. तर म्हणे, मंग काई काळजी नाई. त्याले चाक बसवता येते."

रस्ता फार खराब होता, असं मी सगळ्यांना सांगितलं.

माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी चाचांनी माझी गाडी स्टँडवर घेतली. मागचं चाक हातानं फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. मग नट सोडला. निघालेली एकेक वस्तू तारेत ओवली. वाशरवर घासल्याची चकचकीत गोल रेघ पडली होती, नको त्या बाजूला.

"चाचा," मी म्हटलं, "बाबाले भेटलो असतो मी."

त्यांनी वाशर फडक्यानं पुसलं, उंचवटा बेअरिंगकडे करून बसवलं, नट पूर्ण आवळला. चाक मोकळं फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

"तुह्या मायले सांगू नको," चाचा म्हणाले. "तिच्यासाठी रस्ताच खराब होता."

आई होती तोवर रस्ता खराबच राहिला. ताटलीचा तो प्रयोग मी पुन्हा केला नाही. बाकीच्या नकला करतो, लोक हसतात.