शेवटच्या फेरीतली बायको

माझ्या नवऱ्याने मला आठव्या फेरीत लिहून ठेवलं होतं. कॅप्टन सोडून आठ जणांचा संघ, खेळाडू निवडायच्या आठ फेऱ्या, दर फेरीत प्रत्येक कॅप्टनने एक जण उचलायचा; त्यातली शेवटची माझी. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. त्याचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता, मी वरणाचं पातेलं ठेवायला जागा करत होते आणि पडद्यावर मला माझं नाव दिसलं. यादीत सगळ्यात खाली, आणि शेजारच्या रकान्यात एकच शब्द: ऑटोमॅटिक. वॉशिंग मशीनवर लिहिलेलं असतं तसं.

खेळ काय आहे ते आधी सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळणार नाही. अमेरिकन फुटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसतात ती हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळणारी धिप्पाड माणसं. आम्ही खेळतो तो त्याचा नोकरदारांना झेपेल असा धाकटा भाऊ. कुणी कुणाला पाडायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या लटकत असतात. चेंडू ज्याच्या हातात त्याची पट्टी ओढली की डाव थांबला. मैदानात पाचाविरुद्ध पाच. एक फेकणारा, बाकीचे पुढे पळून झेलणारे. आणि समोरच्या संघातला एक जण फेकणाऱ्यापासून सात पावलांवर उभा असतो. चेंडू हलला की त्याने सुसाट सुटायचं आणि चेंडू फेकला जायच्या आत पट्टी खेचायची. त्याला रशर म्हणतात. मी रशर आहे. निदान मी स्वतःला ते समजते.

आमची लीग मिश्र आहे. प्रत्येक संघाच्या दोन बायका मैदानात हव्यातच असा नियम. नियम चांगला आहे, पण नियमाने बाई मैदानात येते, चेंडू तिच्याकडे येत नाही. पुरुष पुरुषाला फेकतो. बाई पळते, वळते, मोकळी उभी राहून हात वर करते आणि हात खाली घेऊन परत येते. आमच्या गल्लीत धाकट्या भावंडांना लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे, तोच प्रकार. फक्त लिंबूटिंबूंना आपण लिंबूटिंबू आहोत हे माहीत नसायचं आणि आम्हाला असतं. गेल्या वर्षीच्या अख्ख्या मोसमात माझ्याकडे चेंडू किती वेळा आला ते सांगायची मला लाज वाटते.

रशरला मात्र कुणाची मेहरबानी लागत नाही. चेंडू त्याच्याकडे यावा लागत नाही, तोच चेंडूकडे जातो. हे कळलं त्या दिवशी हा खेळ मला खऱ्या अर्थाने आवडला. शिवाय मी कराडच्या शाळेत सात वर्षं खो-खो खेळलेली. आमच्या बाई सांगायच्या, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नका, डोळे हूल देतात. कमरेकडे बघा, माणूस कमरेनेच वळतो. आणि या खेळात तर पट्टी कमरेलाच असते. चाळिशी उलटलेली, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर स्टुलावर बसणारी बाई मी, पण सात पावलांत मला चुकवणारे पुरुष या लीगमध्ये फार नाहीत.

निवडीआधीच्या चाचणीत हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बिशानच्या मैदानावर, सकाळच्या उन्हात, सहाही संघांचे कॅप्टन वह्या घेऊन उभे होते. त्यांच्यातला एक माझा नवरा. तो फेकणाराही आहे, म्हणून चाचणीत तोच फेकत होता. मी तीनदा त्याच्यावर धावून गेले आणि तिन्ही वेळा त्याची पट्टी माझ्या हातात आली. तिसऱ्या वेळी तो बाकीच्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, "घरी रोज हेच चालतं." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, माझ्या स्वतःच्या.

तर, पातेलं तसंच हातात धरून मी विचारलं, "अरे, हे ऑटोमॅटिक काय आहे?"

"अगं, ती जोडप्यांची सोय आहे. फॉर्मवर टिक केलं की कॅप्टनची बायको शेवटच्या फेरीत आपोआप त्याच्या संघात. बाकी कुणी तिला घेऊ शकत नाही."

"मी कधी टिक केलं?"

"मीच केलं. दोघांचे फॉर्म मीच भरले ना."

खरंच होतं. आमच्या घरी फॉर्म तोच भरतो. बारा वर्षांपूर्वी मी देश सोडून इथे आले ती त्याच्या बँकेने काढून दिलेल्या डिपेंडन्ट पासवर, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोच्या परवान्यावर. तो फॉर्मही त्यानेच भरला होता, मी फक्त फोटो दिला होता. पुढे मला नोकरी मिळाली, आम्ही दोघं पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालो, हौगांगला फ्लॅट घेतला, मुलीची शाळा, विमा, सगळे कागद त्याच्या हातचे. मला त्याचं कौतुकच होतं. चार जणींना मी सांगितलंय की मला कसली कटकट नाही, सगळं तोच बघतो. त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की माझ्या नावापुढे कशाकशावर टिक आहे हे मला माहीतच नाही.

मी पातेलं खाली ठेवलं. "बरं, मग रशर म्हणून कोणाला घेणार आहेस?"

तो खुलला. बँकेत जोखीम मोजायचं काम बघतो तो, असं काही विचारलं की खुर्ची पुढे ओढून बसतो. "रशरवर लवकरची फेरी घालवणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा," तो म्हणाला. "पाचातला एक माणूस फेकणाऱ्याच्या मागे लावला की झेल अडवायला उरले चारच. त्यापेक्षा पहिल्या तीन-चार फेऱ्यांत उंच, पळणारे झेलणारे उचलायचे. रशर काय, शेवटी उरेल तो चालतो."

"फेकणाऱ्याला श्वास घ्यायला वेळच मिळाला नाही तर तुझे उंच झेलणारे आकाशाकडे बघत उभे राहतील."

"ते बोलायला ठीक आहे गं."

"गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात काय झालं? समोरच्या फेकणाऱ्याला कोणी हातही लावला नाही. तो तिथे उभा राहून चहा पिऊ शकला असता."

"तो सामना वेगळा होता."

"आणि मी कुठे खेळायचं?"

"डावीकडचा मागचा कोपरा. तिकडे फारसं कोणी येत नाही."

हे त्याने दिलासा दिल्यासारखं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोफ्यावर पडलेली आमची तेरा वर्षांची मुलगी फोनमधून मान वर न काढता, इथल्या मुलांसारखा शेवटी 'ला' लावून म्हणाली, "आई, जस्ट प्ले फॉर अनदर टीम ला."

"आई बाबांच्या टीममध्ये असते," नवरा म्हणाला.

"व्हाय?"

वरण तोवर गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या चहाच्या सुट्टीत मी लीग चालवणाऱ्या माणसाला मेल लिहिली: जोडप्याच्या रकान्यातली माझी टिक काढा, मला बाकीच्यांसारखं मोकळ्या यादीत ठेवा. उत्तर अर्ध्या तासात आलं, अगदी सभ्य. टिक काढली आहे, पण तुमच्या मिस्टरांना कल्पना आहे ना? नवऱ्याने टिक लावली तेव्हा मला कल्पना आहे का, हे या माणसाने विचारलं होतं का? मी तसंच लिहून पाठवणार होते. मग फक्त 'होईल' एवढंच लिहिलं, कारण मशीनमध्ये नमुने लावायचे होते.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने आधी हसण्यावारी नेलं, मग विचारलं, "म्हणजे मी तुला घ्यायचं की नाही?" मी म्हटलं, "ते तू ठरव. माझ्यासाठी एक फेरी खर्च करावीशी वाटली तर कर." तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला. मनातल्या मनात मी ठरवलं होतं, यानेच मला घ्यावं, चौथ्या-पाचव्या फेरीत का होईना, पण सगळ्यांसमोर, माझ्या खेळासाठी. मला बाकी काही नको होतं. हे इतकं साधं मागणं तोंडाने मागायला लागू नये असंही वाटत होतं, हा माझा मूर्खपणा.

निवड बिशानच्या एका कॉन्डो सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होती, शनिवारी दुपारी. खेळाडूंनाही यायची मुभा होती. पांढऱ्या फळ्यावर सहा संघांचे रकाने, टेबलावर करी पफ आणि गार चहाचे डबे. मी मागच्या रांगेत बसले. माझ्यापुढच्या खुर्चीवर एका संघाची कॅप्टन, आमच्याच हौगांगमधल्या शाळेत गणित शिकवणारी एक चिनी बाई. बाजारात मासे घेताना आमची ओळख झालेली. तिच्यापलीकडे माझा नवरा.

पहिल्या फेरीत त्याने एक उंच झेलणारा घेतला. दुसऱ्या फेरीत आणखी एक उंच झेलणारा. माझ्याकडे वळून बघितलंही नाही. तिसरी फेरी सुरू झाली तशी गणिताची बाई खुर्चीतून मागे वळली.

"युअर हजबन्ड ब्लाइंड, इज इट?" तिने विचारलं. आवाज हळू करण्याची तिला सवय नसावी. "माझी पाळी त्याच्यानंतर. मी तुला घेते. यू रश फॉर मी, कॅन?"

"कॅन," मी म्हटलं. करी पफ माझ्या हातातच चुरगळला होता. पंचवीस वर्षांनी कोणीतरी मला माझ्या पायांसाठी मागत होतं. तिसऱ्या फेरीत.

नवऱ्याची पाळी आली. तो उभा राहिला, कागदाकडे न बघता त्याने माझं नाव घेतलं.

हॉलभर कौतुकाचा उसासा उठला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी "सो स्वीट" म्हणालं, फळ्यावर माझ्या नावाशेजारी एकाने बदाम काढला. गणिताची बाई खांदे उडवून पुढे वळली आणि तिने दुसरीच एक मुलगी घेतली. नवरा माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, या वेळी फक्त दातांनी. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि तरी काहीतरी चुकलं होतं. काय ते मला नीट कळत नव्हतं.

परतताना सेरांगून स्टेशनवर गाडी बदलायला उतरलो. सरकत्या जिन्यावर मी विचारलं, "मला रशर म्हणून घेतलंस ना?"

"बघू. कोपऱ्यातही कोणीतरी लागेलच."

"मग तिसरी फेरी माझ्यावर का घालवलीस? मूर्खपणा असतो ना तो?"

तो जरा अडखळला. मग खरं बोलला. खोटं बोलणं त्याला जमत नाही, हा त्याचा गुणच म्हणायचा. "अगं, ती तुला रशर म्हणून घेणार होती. म्हणजे सामन्यात तू माझ्यावर धावून आली असतीस. तुझ्यापुढे मला फेकता येत नाही."

जिना संपला. मी बाजूला थांबले, लोक आमच्यामधून जात होते.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"की मी चांगली खेळते."

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला, अगदी सहज. "पण तू तशीही मिळत होतीस ना."

इतके दिवस मला वाटत होतं, याला दिसत नाही. न दिसणाऱ्या माणसावर किती रागावणार? मी त्याला दाखवत होते. पहाटे उठून फ्लॅटखालच्या मोकळ्या जागेत एकटीच सात पावलांच्या धावा काढत होते, गुडघ्याला पट्टा बांधून, त्याला दिसावं म्हणून. आणि याला सगळं दिसत होतं. बघून, तोलून, व्यवस्थित विचार करून त्याने मला शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. त्या स्टेशनवर मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर चारचौघांत ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण मराठीत होतं एवढं बरं झालं.

लीगच्या नियमात पहिल्या सामन्याआधी खेळाडूंची अदलाबदल करता येते. दोन्ही कॅप्टनच्या सह्या लागतात, म्हणजे माझ्यासाठी माझ्या नवऱ्याची. गणिताची बाई लगेच तयार झाली. तिने आपली सही करून कागद मला बाजारातच दिला. उरलेला फॉर्म मी स्वतः भरला, प्रत्येक रकाना वाचून, आणि जेवण झाल्यावर नवऱ्यापुढे ठेवला.

त्याने तो दोनदा वाचला. माझ्या बदल्यात येणारी मुलगी सातव्या फेरीतली होती. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही अदलाबदल बरोबरीची नाही," तो म्हणाला. "माझं फार नुकसान आहे यात."

मी पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. तो सही करेपर्यंत मी तिथून हलले नाही.