संबंधाचा रकाना

अर्जातल्या एका रकान्यावर बोट टेकवून आप्पा विचारायचे, "आणि ह्यात काय लिवायचं?" बोटाला शिंप्याच्या खडूची निळी भुकटी असायची. तिचा ठसा कागदावर उमटायचा आणि मला दुसरा अर्ज काढावा लागायचा.

बेळगावात महापालिकेसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मराठी माणसांचे कन्नड अर्ज भरून देणं हा माझा खरा धंदा. एकाच अर्जाला चिकटलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना टाळतो. मीही आप्पांना टाळायचो, हे आधीच कबूल करतो.

अनगोळात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. वर दोन खोल्या, आणि त्यांत आप्पा आणि अण्णा. अण्णा निवृत्त बस कंडक्टर. दोघं कुणाचे कुणी नव्हते आणि तीस वर्षं एका घरात राहत होते. गल्लीनं त्यांना भाऊ करून टाकलं होतं, कारण त्यात गल्लीचीही सोय होती.

अण्णा गेले तेव्हा मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरायला आप्पा माझ्याकडे आले. मराठीत आपण मयताशी नातं विचारतो, कन्नड अर्जात 'संबंध' असा रकाना आहे. मी सवयीनं वाचलं, "संबंध काय?"

साठी उलटलेला तो माणूस कानापर्यंत लाल झाला. मग आप्पा डोळे पुसत हसले. "कन्नडवाल्यानं बराबर इचारलंय बघ."

मला तेव्हाच सगळं कळलं, आणि कळलं नाही असं मी दाखवलं. म्हटलं, "भाऊ लिवा की. कोण बघतंय?"

"तीस वर्सं तोंडानं त्येच सांगितलं रं. लिवून न्हाय देणार."

रकाना रिकामा ठेवून दिलेला अर्ज परत आला. नातेवाईकच लागतो, असं महापालिकेतले म्हणाले. शेवटी निपाणीहून अण्णांचा पुतण्या आला. वीस वर्षांत त्यानं काकाचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यानं 'पुतण्या' लिहिलं, सही ठोकली, दाखले घेतले आणि जाताना आप्पांच्या हातात एक झेरॉक्स दिली. ती मीच काढली होती.

पुढे महापालिकेची निवडणूक लागली. या रकान्याचं उत्तर देईल त्यालाच मत, असं आप्पांनी ठरवलं आणि कोरा अर्ज घेऊन दारात उभे राहिले.

पहिला उमेदवार मराठीचा कैवारी. अर्ज बघून तो तापलाच. "कन्नड अर्ज! आपल्या लोकांवर अन्याय हाय ह्यो, आप्पा. निवडून आलो की पयला मराठीत करून घेतो!" कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या.

"मराठीत केलासा तरी ह्यात काय लिवायचं?" आप्पांनी विचारलं. तोवर मंडळी पुढच्या दारात पोचली होती.

दुसरा कन्नड. त्यानं अर्ज पाहिला आणि हात जोडले. "फॉर्म कन्नडातच राहणार, आप्पा. अद बिट्ट ब्यारे हेळ्री." ते सोडून दुसरं काही सांगा म्हणे. दुसरं काही आप्पांकडे नव्हतं.

आमच्याकडे कागद हातात आला की आधी त्याची भाषा दिसते, मजकूर नंतर. आप्पा 'समान हक्क' म्हणाले की समोरचा म्हणे, मराठीला मिळालेच पाहिजेत. 'अल्पसंख्याक' म्हणाले की भाषिक अल्पसंख्याकांचं निवेदन पुढे यायचं. शेवटी त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं: 'दोन पुरुष किंवा दोन बायका मिळून संसार करत असतील, तर महापालिका त्यांना एकमेकांचं कोण मानणार? आपली भूमिका काय?' खाली माझ्या दुकानाचं नाव घालायचं मी टाळलं.

तिसऱ्या उमेदवार एक बाई होत्या. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. सोबतच्यांना पुढे पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कळतंय मला, आप्पा. आमच्या घरात बी हाय एक. पण भाषणात कसं बोलू?"

"भाषणात नगं, आक्का. रकान्यात बोला."

आप्पांनी त्यांना मत दिलं. त्या निवडूनही आल्या. मग दर सोमवारी आप्पा महापालिकेच्या पायऱ्या चढायचे आणि उतरताना माझ्या स्टुलावर टेकायचे. बाई कधी बैठकीत, कधी बंगळूरला. भेटल्या की म्हणायच्या, "विषय काढते." त्यांचं तोंड पडलेलं असायचं, असं आप्पाच सांगायचे. बाईंची त्यांना दया यायची.

"दमलो रं," एकदा म्हणाले. "कापड असतं तर कवाच उसवून नीट शिवलं असतं." मी चहा मागवला. याहून जास्त मी त्यांच्यासाठी कधी काही केलं नाही, आणि त्याची मला आता लाज वाटते.

यंदाच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. त्यांच्यासाठी निपाणीहूनही कुणी येणार नव्हतं, म्हणून त्यांचा अर्ज भरून मीच महापालिकेच्या पायऱ्या चढलो. अर्ज त्यांनी खराब केलेल्यांपैकीच एक घेतला होता. त्या रकान्यात फक्त त्यांच्या बोटाचा निळा ठसा होता.

क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "संबंध काय तुमचा?"

मी अर्ज तसाच त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वर पाहिलं. त्याला माझी दया आली असावी. "हितं डाग पडलाय. नवा घ्या," तो म्हणाला, "आणि भाऊ लिवा की. कोण बघतंय?"

मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि खाली आलो. दुकानात कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पडलेला असतो. नवा अजून भरलेला नाही.