पट्टा लावला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर चारचौघांत सांगत असते, यांच्या पोटात काही राहत नाही म्हणून. राहतं. चांगलं दहा-अकरा वर्षं राहतं. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही, समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार नाही. भित्र्या माणसाला तेवढी सोय पुरते.

माझं गडबला हायवेला लागून इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पंखे, वायरी, शेतातल्या मोटारींचं वाइंडिंग. पण दुकानापेक्षा माझी जीभ जास्त प्रसिद्ध. कुणाची फिरकी घ्यायची असो की साहेबाला दोन शब्द सुनवायचे असोत, लोक मला पुढे करतात. मीही होतो. मला आवडतं ते — आवडायचं.

दुकानापासून हाकेच्या अंतरावर पोलीस गाड्या अडवतात. गाडीतल्यांनी पट्टा लावलाय की नाही ते बघायला. सणासुदीला तर हमखास. पोलीस उभे असले की गिऱ्हाईक गाडी थांबवत नाही, सुसाट जातं, हा माझा पहिला राग. बाकीची कारणं मी नंतर गोळा केली. ‘खड्डे बुजवायला कोणी नाय, पट्टा बघायला चौघं!’ हे वाक्य माझं. पेणपासून नागोठण्यापर्यंत रिक्षावाले ते बोलतात. आणि ते खोटं आहे का? पावसाळ्यात या रस्त्याने गेलेल्या कुणालाही विचारा. नाही, ते खोटं नाही.

खोटं आहे ते माझं दुसरं वाक्य. वाद अगदीच तुटत नसला की मी ते काढायचो, हळू आवाजात. ‘आमच्या सुलूने पट्टा लावला होता. काय झालं?’

मग सगळे गप्प व्हायचे. ज्याची बहीण गेली त्याच्याशी कोण वाद घालणार?

सुलू माझी धाकटी बहीण. रोह्याला दिलेली. भावोजी धाटावला कंपनीत, पोर एकच, पूर्वा, तेव्हा शाळेत होती. त्यांचा गणपती दरवर्षी पेणहूनच यायचा. त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी भावोजींना शिफ्ट होती, सुट्टी मिळेना. मी नुकतीच जुनी गाडी घेतली होती आणि ती मिरवायची मला भारी हौस. म्हटलं, मी आणतो. सुलू घरून पाट घेऊन गडबला आली आणि आम्ही दोघं पेणला गेलो. कारखान्यातून मूर्ती उचलली — शाडूची, चांगली हातभर उंच — तोंडावर रुमाल टाकला, मोरया म्हटलं आणि निघालो.

आमच्याकडे गणपती गाडीत मागे ठेवत नाहीत. डिकीत तर नाहीच. पुढच्या सीटवर माणूस बसतो, त्याच्या मांडीवर पाट, पाटावर देव. का, ते कुणी विचारत नाही. देव पुढे बसतो, बस.

आता मांडीवर पाट आला की पट्ट्याचा खटका लागायला अडचण होते. लागत नाही असं नाही — पाट जरा उचलावा लागतो, मूर्ती धरावी लागते, पट्टा खालून ओढून घ्यावा लागतो. खटपट आहे. सुलू ती करत होती. गाडी सुरू व्हायच्या आधीच करत होती. मी म्हटलं, राहू दे गो. पट्टा खांद्यावरून घे नि त्याचं टोक पाटाखाली सरकव. लांबून लावल्यासारखा दिसतो. पोलिसांना तेवढं पुरतं.

तिने तसं केलं. मी तिचा मोठा भाऊ होतो ना.

माझा पट्टा? माझा लावलेला होता. खटक्यासकट. गाडी चालवणाऱ्याला आधी पकडतात.

गडबला अडवलंच. हवालदार बाई होत्या, इकडच्याच, खाडीपट्टीतल्या. त्या सुलूच्या खिडकीशी आल्या आणि वाकल्या. ‘ताय, पट्टा?’ सुलू माझ्याकडे बघायला लागली. मी इकडून हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, ‘बाई, मांडीवर कोण बसलंय ते बघा तरी! आता देवाची पण चौकशी करता काय?’ रस्त्याकडेची माणसं हसली. बाईंनी पाटाखाली गेलेलं ते टोक बघितलं. मी त्यांना बघताना बघितलं. मग त्यांनी रुमालाआडच्या मूर्तीला नमस्कार केला आणि म्हणाल्या, ‘जा. सावकाश जा.’

मी खुशीत होतो. बघ, बाप्पाने सोडवलं, असं म्हणून पुढे कितीतरी वेळ हसत होतो.

आणि आता ते. मी इथपर्यंत येतो आणि नेहमी थांबतो, मनातल्या मनातसुद्धा. नागोठणं मागे टाकून आम्ही रोह्याच्या रस्त्याला लागलो. पुढे खिंडीची वळणं. सुलू म्हणाली, ‘दादा, जरा गाडी बाजूला घे. नीट लावते पट्टा. मला कसंतरीच वाटतंय.’

खटका माझ्या डाव्या हाताशी होता. मी थांबायचीही गरज नव्हती फारशी — तिने पाट उचलला असता, मी टोक ओढून बसवलं असतं. कितीसा वेळ लागला असता?

मी म्हटलं, ‘मूर्तीला धक्का लागंल. आलंच आता घर.’

तिने पुन्हा विचारलं नाही.

उताराला वळणावर गुरं बसलेली होती. मी ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. एवढंच. फार वेगात नव्हतो, लोक मला अजून तेच सांगून धीर देतात. माणूस पुढे फेकला गेला की आपोआप हात पुढे करतो, काही तरी धरतो. सुलूने हात पुढे केले नाहीत. तिच्या हातात देव होता. तिने शेवटपर्यंत तो सोडला नाही.

रोह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

भावोजी कंपनीच्या कपड्यांतच धावत आले. रडले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी मला एकच विचारलं. ‘पट्टा लावला व्हता का तिनं?’

‘होता,’ मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, त्या वेळी माणूस भानावर नसतो. मी होतो. मला लख्ख कळत होतं की ‘नव्हता’ म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार — का नव्हता? आणि त्याचं उत्तर मी होतो. एवढ्यावरही मी थांबलो नाही. माझ्या छातीवर पट्ट्याचा वळ उठला होता, खांद्यापासून खाली तिरका, काळानिळा. मी शर्टाची बटणं काढली आणि भावोजींना तो दाखवला. ‘हा बघा. दोघांनीही लावला होता.’ ज्या पट्ट्याने मला वाचवलं त्याचाच पुरावा मी तिच्यासाठी वापरला. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मराठीत त्याला शब्द असेल तर तो फार वाईट असणार.

मग तो एक शब्द माझ्या हातात राहिला नाही. दिवसकार्याला आलेल्या बायका सांगत गेल्या, ‘पट्टा लावला व्हता गो तिनं, तरी गेली.’ तिथून पुढे, ‘पट्ट्यानंच अडकली. नायतर उडी टाकून वाचली असती.’ असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण मी खोडलंही नाही. धाटावच्या शिफ्टच्या गाड्या चालवणारी पोरं माझ्या दुकानात येतात, पट्टा पाठीमागून घेऊन खटका लावतात म्हणजे गाडी कोकलत नाही, आणि मला सांगतात, ‘तुमच्या ताईचं ऐकल्यापासून आपण नाय लावत.’ मी त्यांना वायर मोजून देतो.

एकदा गावच्या देवळात बैठक झाली, ती गाड्यांची अडवणूक बंद करा म्हणून. मला बोलायला उभं केलं. मी खड्ड्यांवर बोललो, गुरांवर बोललो, आणि शेवटी सुलूवर. टाळ्या पडल्या — बहिणीच्या मरणावर मी टाळ्या घेतल्या. मागे दाराशी बंदोबस्ताला त्याच हवालदार बाई उभ्या होत्या. त्यांना माहीत होतं. त्या गणपतीला हात जोडून त्यांनी आम्हाला सोडलं होतं, मग त्या तरी काय बोलणार? आमची नजरानजर झाली आणि मी खाली बघितलं.

तेव्हापासून त्या बाई प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघतात. गणपती असो, नवरा-नवरी असो. लोक चिडतात. ‘देवाला पण तपासते ती’ असं म्हणून त्यांच्यावर हसतात. हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा.

पोलिसांनी असं उभं राहावं की नाही, हे मला आज विचाराल तर मी उत्तर देणार नाही. माझ्या मताला काही किंमत उरलेली नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी एका बाईने सुलूसाठी गाडी थांबवली होती, आणि मी विनोद करून ती पुढे काढली.

आता पूर्वा मोठी झाली आहे. धाटावलाच एका कंपनीत लॅबमध्ये आहे, स्वतःची गाडी चालवते. पट्टा लावत नाही. या वर्षी म्हणाली, मामा, गणपती आपण दोघं आणू. मी नाही म्हणू शकलो नाही.

परवा पेणहून निघालो. तिच्या मांडीवर पाट, पाटावर देव. तिने पट्टा खांद्यावरून घेतला आणि टोक पाटाखाली सरकवलं. मी शिकवलं नव्हतं. सगळेच आता तसं करतात. मी ते बघितलं, आणि गाडी चालवत राहिलो.

गडबला त्याच बाई. केस पिकलेत आता. त्यांनी खिडकीतून हात घालून टोक ओढलं, ते सहज हातात आलं. ‘ताय, खटका लाव. देव मागं ठेव नायतर.’

पूर्वा चिडली. ‘मॅडम, माझ्या आईनं लावला व्हता. काय झालं तिचं? इचारा मामाला.’

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. एक, जिला सगळं माहीत आहे. आणि दुसरी, जिला मी सांगितलं तेवढंच माहीत आहे. मागे गाड्यांची रांग लागली होती, कुणी तरी हॉर्न देत होतं. बाई घाई करत नव्हत्या. किती सोपं करून ठेवलं होतं त्यांनी मला.

मी म्हणालो, ‘लाव गो. उशीर होतोय.’

बाईंनी स्वतः पाट उचलून धरला, पूर्वाने खटका लावला. मग बाई बाजूला झाल्या. माझ्याकडे त्यांनी परत बघितलं नाही.

पोलीस नजरेआड झाले आणि शेजारी ‘खट्’ वाजलं. पूर्वाने पट्टा काढला होता. नागोठणं गेलं, खिंड आली. मी गाडी इतकी हळू घेतली की मागून एसटीसुद्धा पुढे गेली. पूर्वा हसायला लागली. ‘मामा, चालत जायचं काय आपण?’

आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे?

‘मूर्तीला धक्का लागंल.’

तेच. अक्षर न् अक्षर तेच. तिच्या आईला शेवटचं जे बोललो, ते.

मूर्ती सुखरूप पोचली. मी मखराजवळ बसून प्रसाद खाल्ला आणि घरी आलो. दोन रात्री झोप नाही, पण ते सांगण्यासारखं नाही. झोप न येणं हे काही प्रायश्चित्त नव्हे.

आज त्यांच्या गणपतीचं विसर्जन आहे. नदीवर जातानाही पूर्वा पुढेच बसणार, पाट मांडीवर घेऊन. मी रोह्याला निघालोय. घरात सगळे असतील — भावोजी, पूर्वा, शेजारपाजारचे, ज्यांनी त्या वेळी माझ्या छातीवरचा वळ बघून डोळे पुसले होते ते. वेगळं बाजूला घेऊन सांगणार नाही. खोटं सगळ्यांत पसरलं, मग खरंही सगळ्यांसमोरच सांगायला हवं. त्यानंतर भावोजी मला दाराबाहेर काढतील, पूर्वा मामा म्हणायचं सोडेल, हे धरून चाललोय. त्यांनी तसं करू नये असं माझं म्हणणं नाही.

भाषण करणार नाही. खड्डे, गुरं, ओला रस्ता, काहीही काढणार नाही. भावोजींनी तेव्हा जे विचारलं होतं, त्याचंच उत्तर द्यायचं राहिलंय.

नव्हता, भावोजी. ती लावत होती. मी लावू दिला नाही.