टिचकीमामांची काच

टिचकीमामा नवी बॅटरी आधी काउंटरच्या काचेवर आडवी ठेवत, कोपऱ्याला टिचकी मारत आणि श्वास रोखून बघत. घसरून थांबली तर निरोगी. गरगर फिरली तर पोट फुगलेलं. डोळ्यांना न दिसणारा फुगवटाही काच सांगते. पूर्णा स्टेशनाबाहेरच्या त्यांच्या मोबाइलच्या दुकानातून टिचकीशिवाय काही विकलं जात नसे.

फिरलेल्या बॅटऱ्या ते मागच्या वाळूच्या माठात पुरत. माठ नेहमी कोमट लागे. "आत जाग्या असत्यात," मामा म्हणत. मी शाळामास्तर, हसायचो, पण हात पटकन काढून घ्यायचो.

एकदा एका नेटवर्क कंपनीने आपले बटणांचे फोन मामांच्या दुकानात ठेवले. साहेब फीत, हार, नारळ आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र घेऊन आले. बॅटरी चाचणीत उतरल्याशिवाय कंपनी फोन विकायला घेतच नाही, असं त्यात होतं. ते इंग्रजी मीच मामांना वाचून दाखवलं. फोटोसाठी पहिला फोन साहेबांनी सीलबंदच माझ्या हातात दिला. टिचकी राहूनच गेली. संध्याकाळी मी तो ताडकळसला आईला देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर मामांनी एक खोकं फोडलं होतं. काचेवरची बॅटरी फिरत होती. खालून कुणीतरी बोटाने फिरवावी तशी, थांबायचं नावच नाही.

"काच तिरकी असेल, मामा. प्रमाणपत्र बघा ना," विक्री बघायला आलेले साहेब म्हणाले.

"बघितलं की. परीक्षेला बसली ती निराळी, साहेब. ही तिच्या नावावर आलीय." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, आईचा फोन कुठं हाय?"

"उशाशी ठेवते ती."

"मग उभं काय ऱ्हायलाव? पळा!"

मोटारसायकलवरून पोचलो तेव्हा आई दुपारची आडवी झाली होती. फोन कानाशी, चार्जिंगला.

"आत कुणीतरी पुटपुटायलंय रे," ती म्हणाली. "मी बोलले की गप होतंय."

फोनचं झाकण उचकटलं होतं. आईच्या पदरात धरून मी तो अंगणात भिरकावला. जमिनीवर पडायच्या आधीच पेटला.

मामांनी त्यातला एकही फोन विकला नाही. आठवड्याच्या आत कंपनीने पाटी काढून नेली. प्रमाणपत्र मात्र तिथंच राहिलं. मामांनी ते माठावर झाकण म्हणून ठेवलं.

यंदा मामा गेले. दुकान रिकामं करताना मी ती फ्रेम उचलली. कागद खालून गोल करपला होता. माठात हात घालायचं धाडस झालं नाही. काउंटरची काच तेवढी घरी आणली. घरात नवी बॅटरी आली की आई ती काचेवर ठेवून टिचकी मारते. बॅटरी थांबेपर्यंत कुणी बोलत नाही.